रविवारचीं रंगीत पानें

इ. स. १९४५ च्या जुलै महिन्यांतील गोष्ट आहे. न्यूयॉर्क शहरांत वर्तमानपत्रें पोंचविणाऱ्या कामगारांनीं संप केला आणि सुमारें अडीच आठवडे त्या अफाट नगरींत घरोघरीं येणारीं वर्तमानपत्रें येईनाशीं झालीं. युरोपांतील युद्ध नुकतेंच संपलें होतें. जपानशीं लढाई अद्याप चालू होती. अशा वेळीं लोकांना बातम्यांची तहान लागणें साहजिक होतें. परंतु शहराचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांना आणखी एक चिंता पडली. रविवारच्या अंकांतील चित्रमालांचीं पानें न मिळाल्यामुळें मुलें हिरमुसलीं असतील, त्यांचें काय करावयाचें? तेव्हां हे गृहस्थ नगरपालिकेच्या मालकीच्या नभोवाणी-केंद्रावर गेले, मायक्रोफोनपुढें पान पसरून बसले, आणि डिक ट्रेसी नांवाच्या गुप्त पोलिसाची चित्रकथा, आवाज चढवीत उतरवीत, चौकटीमागून चौकट अशी त्यांनीं मुलांना वाचून दाखविली.

नभोवाणीवर चित्र दाखविण्याची सोय नाहीं. तें शब्दांनीं उभें करावें लागतें. त्या महापौरांनीं पत्करलेली अडचण आज मीहि पत्करीत आहें. कारण मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें याच रविवारच्या रंगीत पानांविषयीं. तीं जन्मलीं कशीं, नाहींशीं होण्याच्या काठावर आलीं कशीं, आणि तीं वांचविलीं कोणी, ही ती कथा. वरवर पाहतां विषय पोरकट वाटेल. पण त्याच्या पोटांत एक प्रौढ प्रश्न दडलेला आहे. समाजाचे जुने कागद जपण्याचें काम ज्यांच्याकडे सोंपविलेलें असतें, त्यांनींच ते टाकून दिले तर पुढें काय व्हावयाचें?

या पानांचा इतिहास दोन धनाढ्य वृत्तपत्रमालकांच्या चढाओढींतून सुरू होतो. जोसेफ पुलित्झर हा हंगेरीहून अमेरिकेंत आलेला मनुष्य. त्यानें १८८३ सालीं न्यूयॉर्कचें 'वर्ल्ड' हें पत्र विकत घेतलें. न्यूयॉर्क त्या काळीं परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांनीं भरलेलें होतें. त्यांच्यापैकीं कित्येकांना इंग्रजी धड वाचतां येत नसे. पण चित्र समजावयास भाषा लागत नाहीं. शिवाय रविवार हा सुटीचा दिवस, आणि त्या दिवशींचा अंक घरांतल्या लहानथोरांनीं मिळून पाहावयाचा. १८९३ पासून 'वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणींत रंगीत छपाई सुरू झाली. त्याच पुरवणींत १८९५ सालीं रिचर्ड आउटकॉल्ट या चित्रकारानें 'होगन्स ॲली' या मथळ्याखालीं गरीब वस्तींतल्या एका बोळाचे देखावे काढावयास आरंभ केला. त्या बोळांतल्या पोरांमध्यें एक होता गुळगुळीत डोक्याचा, मोठाल्या कानांचा, पुढें आलेल्या दांतांचा आणि पायघोळ सदरा घातलेला. १८९६ च्या आरंभीं त्याचा सदरा पिंवळ्या रंगांत छापला गेला आणि पुढें सारें शहर त्याला 'यलो किड', म्हणजे पिंवळा पोर, म्हणूं लागलें. त्याचें बोलणें त्याच्या सदऱ्यावरच लिहिलेलें असे.

१८९५ सालींच विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या तरुणानें, बापानें खाणींच्या धंद्यांत मिळविलेल्या संपत्तीच्या बळावर, न्यूयॉर्कचें 'जर्नल' पत्र घेतलें. पुलित्झरच्या रविवारच्या अंकाची संपादकमंडळी त्यानें जादा पगार देऊन आपल्याकडे ओढली. १८९६ च्या ऑक्टोबरांत आउटकॉल्टलाहि फोडलें आणि आठ पानांची रंगीत विनोदी पुरवणी काढली. हिच्यापुढें इंद्रधनुष्यहि शिशाच्या नळीसारखें निस्तेज दिसेल, अशा थाटाची तिची जाहिरात होती. पुलित्झरहि स्वस्थ बसला नाहीं. त्यानें जॉर्ज लक्स या दुसऱ्या चित्रकाराकडून आपल्या पत्रांतला पिंवळा पोर चालू ठेविला. एकाच शहरांत, एकाच रविवारीं, दोन पिंवळे पोर दोन पत्रांतून हिंडूं लागले! या झटापटींत दोन्ही पत्रांनीं बातम्यांनाहि जो भडकपणा आणला त्याला लोक 'यलो जर्नलिझम' म्हणूं लागले. मराठींत आपण ज्याला 'पीत पत्रकारिता' म्हणतों त्याचें मूळ असें एका चित्रांतल्या पोराच्या सदऱ्याशीं जाऊन भिडतें.

चिखलांतून कमळ यावें तसें या स्पर्धेंतून पुढें पुष्कळ चांगलें काम निपजलें. १८९७ च्या डिसेंबरांत रुडॉल्फ डर्क्सची 'कॅट्झेनजॅमर किड्स' ही दोन व्रात्य भावांची मालिका हर्स्टच्या पत्रांत सुरू झाली आणि चौकटीपुढें चौकट मांडून गोष्ट पुढें नेण्याची रीत तिनें रुळविली. १५ ऑक्टोबर १९०५ रोजीं 'न्यूयॉर्क हेरल्ड'मध्यें विन्सर मॅके याचा 'लिटल नेमो' अवतरला. नेमो हा एक लहान मुलगा. दर रविवारीं तो स्वप्नांत कोठल्या कोठें जाऊन येतो आणि अखेरच्या चिमुकल्या चौकटींत आपल्या अंथरुणापाशीं जागा होतो. १९०८ च्या जुलैमधील एका पानावर त्याच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात आणि तो पलंग रात्रीच्या शहरांत उंच घरांवरून ढांगा टाकीत निघतो. हें चित्र चतकोर कागदावर छापलें तर एक गंमत म्हणून आपण पाहूं आणि विसरूं. पण मूळचें पान सुमारें सोळा इंच रुंद आणि एकवीस इंच उंच होतें. जमिनीवर तें पसरून, कोंपरांवर टेकून पाहणाऱ्या मुलाच्या नजरेंत तो पलंग केवढा झाला असेल याची कल्पना करावी.

१९०६ सालीं 'शिकागो ट्रिब्यून'साठीं लायनेल फायनिंगर यानें अशीं पानें काढलीं. हाच पुढें जर्मनींतील बाउहाउस या कलाशाळेचा नामांकित चित्रकार झाला. जॉर्ज हेरिमनची 'क्रेझी कॅट' १९१३ पासून १९४४ सालीं त्याचा मृत्यु होईपर्यंत चालली. एक मांजर, त्याला विटा मारणारा एक उंदीर आणि त्या उंदराला कैद करणारा एक कुत्रा, एवढ्याच भांडवलावर त्या मनुष्यानें तीस वर्षें काढलीं. फ्रँक किंगच्या 'गॅसोलीन ॲली' या मालिकेंत १९२१ सालीं एका अविवाहित गृहस्थाच्या दारांत कोणी एक तान्हें मूल ठेवून गेलें, आणि पुढें तें मूल वाचकांच्या मुलांबरोबर वर्षानुवर्ष वाढत गेलें. शाळेंत गेलें, मोठें झालें, युद्धावर गेलें. अशा मालिकेचा रस एका पानांत सांपडत नाहीं. ओळीनें वीस वर्षांचीं पानें हातीं असलीं तरच तो चाखतां येतो. एवढी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या कथेचें मर्म तींत आहे.

इतकें असूनहि प्रतिष्ठित समाजांत या पानांना मान नव्हता. त्यांतला धसमुसळेपणा, वडीलधाऱ्यांची टवाळी, मोडकी भाषा आणि भडक रंग यांवर सुशिक्षितांचा रोष असे. १९०८ सालीं बोस्टनच्या 'हेरल्ड' पत्रानें तर आपली विनोदी पुरवणी बंदच करून टाकली. रविवारीं लाखो घरांत जी पुरवणी उलगडली जाई, तिच्यांत सोमवारीं वाणसामान बांधलें जाई. इतिहासाची ही एक रीतच आहे. जें सर्वांच्या घरीं असतें तें जपण्याची गरज कोणालाच वाटत नाहीं, आणि म्हणून एके दिवशीं तें कोणाच्याच घरीं उरत नाहीं. आपल्याकडेहि पोथी सोवळ्यांत गुंडाळून ठेवलेली सांपडते, पण आजोबांच्या वेळचें पंचांग सांपडत नाहीं. पैठणी उरते, रोजचें लुगडें उरत नाहीं.

त्यांत कागदाचा दोष. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्य देशांत कागद मुख्यतः सुती आणि तागाच्या चिंध्यांपासून होत असे आणि तो शेंकडों वर्षें टिके. १८४४ सालीं जर्मनींत फ्रीडरिश केलर यानें लांकूड घांसून त्याचा लगदा करण्याची युक्ति काढली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत वर्तमानपत्रांचा कागद लांकडाचा झाला. तो इतका स्वस्त पडे कीं, त्याच्यावांचून लाखो प्रतींचीं वर्तमानपत्रें निघालींच नसतीं. परंतु लांकडांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. उजेड आणि हवा लागली कीं तें प्रथम पिंवळें आणि मग तपकिरी पडतें. कागदांतील आम्लामुळें त्याचे तंतु तुटतात आणि पान कडेपासून ठिसूळ होत जातें. यलो किडचा सदरा पिंवळा करावयास शाई लागली होती. त्याच्या भोंवतालचा पांढरा कागद मात्र आपोआप पिंवळा होत गेला.

मोठ्या ग्रंथालयांतून वर्तमानपत्रांचे महिन्या-महिन्याचे अंक जाड पुठ्ठ्यांत बांधून ठेवीत. त्या बांधीव खंडांतच हीं रंगीत पानें टिकलीं, कारण मिटलेल्या खंडांत उजेड शिरत नाहीं. पण असा एकेक खंड हातगाडीवरून न्यावा इतका जड, आणि त्यांच्या रांगांनीं तळघरेंच्या तळघरें व्यापलेलीं. १९३५ च्या सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक मायक्रोफिल्मवर, म्हणजे बोटभर रुंदीच्या फितीवर, छायाचित्रित होऊं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. एका कपाटांत शंभर वर्षें मावूं लागलीं. ग्रंथपालांना हायसें वाटलें. ज्याची फिल्म झाली त्याचा मूळ खंड काढून टाकावा, असा परिपाठ पडला. मात्र ही फिल्म काळीपांढरी होती. बातमी, जाहिरात, बाजारभाव हें सर्व तिच्यांत उतरलें. रंग उतरले नाहींत. नेमोचीं निळीं-सोनेरी स्वप्नें तिच्यांत काळ्या डागांसारखीं दिसतात. आजहि संगणकावर जीं जुनीं वृत्तपत्रें पाहावयास मिळतात, त्यांतलीं पुष्कळशीं त्याच फितींवरून घेतलेलीं आहेत. म्हणून एकदां गेलेला रंग नव्या यंत्रांतहि परत आलेला नाहीं.

या ठिकाणीं आपल्या कथेंत बिल ब्लॅकबियर्ड हा मनुष्य प्रवेश करतो. याचा जन्म १९२६ सालचा. दुसऱ्या महायुद्धांत तो सैन्यांत होता आणि पुढें लेखनावर पोट भरीत असे. चित्रमालांचा छंद त्याला बाळपणापासून. १९६० नंतर चित्रमालांचा इतिहास लिहावयाचा म्हणून तो साधनें शोधूं लागला, तों त्याला दिसलें कीं, ग्रंथालयें फिल्म करून हेच खंड मोडींत काढीत आहेत. तो ते मागावयास गेला. पण सार्वजनिक संस्थेची मालमत्ता एका खाजगी माणसाच्या हवालीं कशी करावी? तेव्हां त्यानें १९६८ सालीं 'सान फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट' नांवाची सार्वजनिक स्वरूपाची संस्था नोंदविली. संस्था म्हणजे काय, तर तो, त्याची पत्नी आणि त्यांचें राहतें घर! मग देशभरांतील ग्रंथालयांनीं काढून टाकलेले खंड त्याच्याकडे येऊं लागले. बैठकीची खोली भरली, माजघर भरलें, मोटार ठेवण्याची जागा भरली. बारीक बोळकंडींतून वाट काढीत हे दांपत्य तेथें तीस वर्षें राहिलें. अभ्यासक येत; त्यांना हवें तें पान तो काढून देई. १९७७ सालीं मार्टिन विल्यम्स यांच्या सहकार्यानें त्यानें स्मिथसोनियन संस्थेकरितां वृत्तपत्रीय चित्रमालांचा एक मोठा संग्रहग्रंथ संपादिला. जीं पानें प्रतिष्ठितांनीं अव्हेरलीं होतीं तीं आतां राष्ट्रीय संस्थेच्या नांवानें प्रसिद्ध झालीं.

पुढें घराच्या मालकानें भाडेपट्टा वाढवून न दिल्यामुळें बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली. त्या वेळीं ओहायो राज्याच्या विद्यापीठानें हा संग्रह घेतला. १९९८ च्या आरंभीं सहा प्रचंड मालमोटारींतून सुमारें पंचाहत्तर टन कागद कॅलिफोर्नियाहून ओहायोस गेला; त्यांत पंचवीस लाखांच्या घरांत कात्रणें आणि पानें होतीं. आज तो तेथील बिली आयर्लंड चित्रसंग्रहालयांत सुरक्षित आहे. ब्लॅकबियर्ड २०११ सालीं वारला. एका माणसाच्या हट्टाचें वजन पंचाहत्तर टन भरावें, हें उदाहरण दुर्मिळच म्हटलें पाहिजे.

परंतु कथानायकाची केवळ आरती करून इतिहास होत नाहीं. ब्लॅकबियर्डची पद्धत कात्रीची होती. एकेका मालिकेचा संपूर्ण क्रम लावण्यासाठीं त्यानें बांधीव खंड मोडले आणि चित्रें कापून निरनिराळीं लाविलीं. त्यामुळें 'क्रेझी कॅट'चीं तीस वर्षें सलग वाचतां येऊं लागलीं; पण त्या चित्राच्या शेजारीं त्या दिवशीं कोणती बातमी होती, कोणत्या साबणाची जाहिरात होती, हा संबंध तुटला. त्याच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, ते खंड त्यानें घेतले नसते तर रद्दींतच जावयाचे होते. असें असलें तरी प्रश्न उरतोच, आणि तो आजच्या प्रत्येक संग्राहकापुढेंहि आहे. अखंड पुरवणी हातीं आली असतां तींतलें एखादें प्रसिद्ध पान वेगळें काढून विकावें, कीं पुरवणी आहे तशी ठेवावी? वेगळें पान भिंतीवर लावावयास बरें दिसतें आणि त्याला गिऱ्हाईकहि लौकर मिळतें. पण प्रत्येक पानाला पाठ असते आणि त्या पाठीवर दुसरी मालिका असते. एकाचें चित्र कापलें कीं दुसऱ्याची मान कापली जाते. माझें स्वतःचें मत असें आहे कीं, फाटलेल्या पुरवणींतून पान उचलावें. जी पुरवणी शाबूत आहे तिला मात्र कात्री लावूं नये.

अखंडतेचा हाच पक्ष निकोल्सन बेकर या अमेरिकन कादंबरीकारानें मोठ्या त्वेषानें मांडला. १९९९ सालीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनें आपल्याकडील अमेरिकन वृत्तपत्रांचे खंड विक्रीस काढले. त्यांत पुलित्झरच्या 'वर्ल्ड'चे, उजळ रंगांच्या पुरवण्यांसह, सुस्थितींतले खंड होते. बेकरनें म्हातारपणासाठीं ठेविलेली पुंजी मोडून ते घेतले आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत एका जुन्या गिरणीच्या इमारतींत ठेविले. २००४ सालीं तो संग्रह ड्यूक विद्यापीठाकडे गेला. २००१ सालीं त्यानें 'डबल फोल्ड' हें पुस्तक लिहिलें. हें नांव ग्रंथपालांच्या एका परीक्षेचें आहे. पानाचा कोपरा पुढें दुमडावयाचा, मागें दुमडावयाचा, आणि किती वेळां दुमडल्यावर तो तुटतो तें मोजावयाचें. थोडक्यांत तुटला तर पान 'ठिसूळ' ठरलें. बेकरचें म्हणणें साधें होतें. वाचक पान उलटतो; त्याचा कोपरा दुमडून तोडीत नाहीं. या परीक्षेंत नापास झालेलीं पुस्तकें आणि वृत्तपत्रें काळजीनें हाताळलीं तर अद्याप कितीतरी वर्षें वाचतां येतात.

ग्रंथपालांची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. जागेला भाडें पडतें. छप्पर गळलें कीं हजार खंड एकदम भिजतात. आणि शंभर वाचकांच्या हातीं मूळ पान दिलें तर शंभराव्याच्या हातीं त्याचे तुकडेच जावयाचे. फिल्म केली हा त्यांचा दोष नव्हता. फिल्म वाचकाला द्यावी आणि मूळ प्रत निदान एका ठिकाणीं अंधाऱ्या, थंड जागेंत ठेवावी, एवढा विवेक सर्वांनीं मिळून केला असता तर वाद उरला नसता. पण प्रत्येकाला वाटलें कीं, मूळ प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी असेलच. सर्वांनीं असेंच मानल्यामुळें कित्येक पत्रांच्या मूळ प्रती अगदीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

आतां संग्राहक ही पानें पाहतो तें कशा नजरेनें, हें थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट मापाची. चित्रमाला पुरविणाऱ्या संस्था लगद्याचे साचे करून गांवोगांवच्या पत्रांना पाठवीत आणि तीं पत्रें आपापल्या यंत्रांवर छापीत. एकच चित्र एका गांवीं पूर्ण पानावर, दुसऱ्या गांवीं अर्ध्या पानावर, तिसऱ्या गांवीं लहान आकाराच्या पत्रांत छापलें जाई. लहान मापांत बसविण्यासाठीं वरच्या कांहीं चौकटी गाळीत. कित्येक चित्रकार मुख्य मालिकेच्या डोक्यावर आणखी एक छोटी मालिका काढीत. जागा कमी पडली कीं प्रथम तिच्यावरच गदा येई. दुसऱ्या महायुद्धांत कागद महागला आणि हें आकसणें वाढलें. म्हणून १९३७ सालीं सुरू झालेल्या हॅल फॉस्टरच्या 'प्रिन्स व्हॅलियंट'चें पूर्ण पान आणि अर्धे पान यांत जाणता संग्राहक मोठा भेद मानतो. ही चुरस अगदीं अलीकडेपर्यंत चालू होती. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज'चा चित्रकार बिल वॉटरसन यानें १९९२ पासून आपलें रविवारचें चित्र कोणत्याहि संपादकानें मोडूं नये अशा अखंड अर्ध्या पानाचा हक्क मिळविला होता.

दुसरी गोष्ट रंगाची. प्रत्येक गांवची शाई निराळी, यंत्र निराळें, यंत्रावरचा कामगार निराळा. चारहि रंगांचे ठसे नेमके एकावर एक बसले तर चेहरा रेखीव दिसतो. केसभर सरकले तर तांबडा ओठ गालावर जातो. तिसरी गोष्ट तारखेची. पानाच्या माथ्यावरील पत्राचें नांव आणि तारीख कापलेली नसावी. कारण तारीख गेली कीं पान इतिहासांतून चित्रांत जमा होतें. आणि चौथी गोष्ट क्रमाची. एका गांवच्या अंकांत एखादा रविवार हरवला असेल तर दुसऱ्या गांवच्या अंकांत तो सांपडूं शकतो. असा एकेक रविवार जोडीत माणसें वर्षानुवर्षें पत्रव्यवहार करीत असतात. पीटर मरेस्का या संग्राहकानें २००५ सालीं, नेमोच्या शताब्दीला, आपल्या संग्रहांतील निवडक पानें मूळच्याच मापांत छापून ग्रंथरूपानें काढलीं, तेव्हां तो पलंग शंभर वर्षांनीं पुन्हां पूर्ण उंचीचा झाला.

आपल्याला या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आपल्या घरांतूनहि या पानांचा एक ओघ वाहून गेलेला आहे. ली फॉक याचा 'फँटम' १९३६ सालीं अमेरिकन दैनिकांतून सुरू झाला आणि १९३९ पासून त्याचें रविवारचें रंगीत पान निघूं लागलें. मार्च १९६४ मध्यें टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें आणि तोच फँटम मराठी मुलांच्या हातीं 'वेताळ' होऊन आला. १९९० पर्यंत ती पुस्तकमाला चालली. त्या पुस्तिकांच्या मापांत बसावीं म्हणून वृत्तपत्रांतील चित्रें कापून व त्यांची मांडणी बदलून छापीत. म्हणजे ज्या मराठी वाचकाला आपल्या बाळपणचा वेताळ चित्रकारानें काढला तसा पाहावयाचा असेल, त्यालाहि अखेर कोणीतरी जपून ठेविलेल्या जुन्या पानाकडेच जावें लागेल. आणि त्या पुस्तिका तरी किती घरांत उरल्या आहेत? परीक्षा जवळ आली कीं त्या रद्दीवाल्याच्या तराजूंत पडत, हें माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवत असेल.

जपणुकीला फारसा खर्च लागत नाहीं. पान सपाट ठेवावें, घडी करूं नये. फाटलें तर चिकटपट्टी लावूं नये; तिचा डाग पुढें पानाहून जास्त टिकतो. ऊन, दमट भिंत आणि वाळवी यांपासून दूर, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटींत ठेवावें. भिंतीवर लावण्याचा मोह झाला तर त्याची नक्कल लावावी. आणि पेटींत एक चिठ्ठी ठेवावी, कीं हें काय आहे, कोठून आलें, आणि आपण कां ठेवलें. कारण रद्दी आणि संग्रह यांत कागदाचा फरक नसतो. त्या चिठ्ठीचा असतो.

श्रोतेहो, येत्या रविवारीं आपल्या घरीं वर्तमानपत्र येईल. सर्व अंक जपून ठेवणें कोणाच्याहि घराला झेपणार नाहीं आणि तसा उपदेश मी करीत नाहीं. पण वर्षांतून एक अंक, पुरवण्यांसकट, जाहिरातींसकट, मुलांच्या पानासकट, न कापतां बाजूला ठेवावा. पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांना त्या अंकांतला अग्रलेख रुचेल कीं नाहीं हें सांगवत नाहीं. परंतु मुलांचें पान मात्र तीं जमिनीवर पसरून, कोंपरांवर टेकून, पाहिल्याशिवाय राहणार नाहींत.